पहिली इलेक्ट्रिक गिटार, बेताच्या पैशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली की घरात जे प्रश्न निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही पालकांचे आहेत, काही मुलांचेच. उत्तरं एका शिकवणाऱ्याची आहेत, त्यामुळे मधूनमधून मतंही येतील.

आधी ॲकॉस्टिक शिकायची आणि मग इलेक्ट्रिककडे वळायचं, असं सगळे सांगतात. तसंच करावं का?

नाही केलं तरी चालतं. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, नेक (गिटारचा लांब दांडा) सडपातळ असते आणि तारा फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, जवळ असतात. नवशिक्या बोटांना ती उलट सोपी जाते. ॲकॉस्टिकवर बोटं तयार होतात हे खरं, पण बोटं तयार व्हायच्या आत मूल कंटाळलं तर त्या तयारीचा काय उपयोग?

मुलाला जे संगीत आवडतं, ते कोणत्या गिटारवर वाजतं ते बघा. दिवसभर मेटल किंवा ब्लूज ऐकणाऱ्याला ॲकॉस्टिक दिली तर त्याला हवा तो आवाज त्यातून कधीच निघणार नाही. ज्याला गाण्याबरोबर कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) धरायच्या आहेत, त्याला मात्र ॲकॉस्टिकच द्यावी. तिला ॲम्प (आवाज मोठा करणारा, स्पीकर असलेला खोका) लागत नाही, केबल लागत नाही, उचलली की वाजवायला लागायचं.

ठरलेले पैसे कशावर घालायचे?

बहुतेक जण सगळी रक्कम गिटारवर घालतात आणि ॲम्प उरलेल्या पैशात बसेल तो घेतात. माझा सल्ला असा: निम्म्याहून थोडे जास्त गिटारला, साधारण तिसरा हिस्सा ॲम्पला, आणि उरलेले सेटअप, ट्युनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं यंत्र), पट्टा, केबल, जादा तारा यांना. सेटअप म्हणजे काय ते पुढे सविस्तर येईल. ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, कारण गिटार घेऊन झाल्यावर 'आता आणखी खर्च कशाला' असं हमखास होतं.

शिकणं अर्धवट सोडणाऱ्या मुलांबद्दल 'त्याला आवडच नव्हती' असं घरचे म्हणतात. त्यांची गिटार हातात घेऊन बघितली तर बऱ्याचदा तारा हाताला कापतील इतक्या उंच असतात आणि सूर दोन मिनिटं टिकत नाही. अशा गिटारवर वाजवायला अनुभवी माणूससुद्धा कंटाळेल. म्हणून पहिल्या गिटारकडून माझ्या दोनच अटी: दाबायला सोपी हवी आणि सुरात राहायला हवी.

गिटार, ॲम्प, केबल, पट्टा, सगळं एकाच खोक्यात मिळणारा स्टार्टर पॅक घ्यावा का?

ओळखीच्या ब्रँडचा असेल तर वाईट नाही. त्यातली गिटार सहसा ठीक असते, ॲम्प अगदीच जेमतेम. नाव न ऐकलेल्या ब्रँडच्या पॅकमध्ये गिटारही तशीच निघण्याची शक्यता मोठी. शक्य असेल तर गिटार वेगळी आणि ॲम्प वेगळा घ्या. पॅकच घ्यायचा असेल तर त्यातल्या ॲम्पला हेडफोनची जागा आहे ना, एवढं नक्की बघा.

मुलगी बारीक चणीची आहे, बोटं लहान आहेत. छोटी गिटार घ्यावी का?

१२-१३ च्या पुढच्या बहुतेक मुलांना पूर्ण आकाराची गिटार जमते. पूर्ण आकारातही फरक असतो, आणि तो कळतो स्केलवरून. नट (डोक्याजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) पासून ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) पर्यंत तारेचा जेवढा भाग कंप पावतो, ती स्केलची लांबी. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर घराण्यात ती २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी असते. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल आणि एसजी घराण्यात साधारण २४.७५ इंच, म्हणजे ६२८ मिमीच्या आसपास. फेंडरच्याच मस्टँग आणि जॅग्वार या मॉडेलांची स्केल २४ इंच, म्हणजे ६१० मिमी.

कागदावर हे फरक किरकोळ वाटतात. हाताला तसे वाटत नाहीत. ६४८ मिमी स्केलवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६ मिमीवर येतो, ६१० मिमीवर सुमारे ३४ मिमीवर. चार बोटं चार फ्रेटांवर पसरायची वेळ आली की हे दोन-दोन मिलिमीटर साठत जातात. शिवाय त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर २४ इंच स्केलवर ताण सुमारे ११ टक्के कमी पडतो, त्यामुळे तार दाबायला आणि ओढायलाही हलकी लागते. हात लहान असेल तर २४ किंवा २४.७५ इंचाची गिटार घ्या. त्याहून लहान 'मिनी' गिटारी ८-१० वर्षांच्या मुलांसाठी ठीक. वाढत्या वयाच्या मुलाला ती वर्षभरात अपुरी पडू लागते.

वजनही बघा. लेस पॉल प्रकारच्या गिटारी बऱ्याचदा ४ किलोच्या आसपास जातात. बसून वाजवताना ते जाणवत नाही, उभं राहिल्यावर खांदा सांगतो.

स्ट्रॅट, टेली, लेस पॉल, एसजी... यातली नेमकी कोणती?

या सगळ्या आकारांचा जन्म १९५० ते १९६१ या काळातला. आजच्या स्वस्तातल्या गिटारी बहुतांशी त्यांच्याच नकला किंवा नातेवाईक.

स्ट्रॅटला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, पाठ आणि कोपर टेकतात तिथे बॉडी उतरती केलेली असते. मांडीवर ती आरामात बसते. टेली साधी, दणकट, आणि तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. लेस पॉल जड, पण आवाज भरदार. एसजी पातळ आणि हलकी, फक्त पट्ट्यावर लटकवली की तिचं डोकं खाली झुकतं. डाव्या हाताने नेक सावरून धरत वाजवायची सवय लागली तर ती पुढे नडते. खरखरीत, रुंद पट्टा लावला की हे बरंच आटोक्यात येतं.

टोकेरी शिंगांच्या व्ही किंवा एक्सप्लोरर आकाराच्या गिटारी स्टेजवर झोकात दिसतात, पण व्ही मांडीवरून घसरते. पहिली दोन वर्षं सराव बसूनच होणार आहे.

एवढं सांगितल्यावरही रंग आणि आकाराचा शेवटचा कौल मुलाला द्या. हे लाड नव्हेत. आवडलेली गिटार खोलीत दिसली की हात आपोआप तिच्याकडे जातो.

सिंगल कॉइल, हंबकर, एचएसएस... हे काय प्रकरण आहे?

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की त्या तांब्याच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि तीच ॲम्पकडे जाते. एकच गुंडाळी असेल तर सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, धारदार. पण आसपासच्या वायरिंगमधली ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुणही ती पकडते. सिंगल कॉइलची गिटार घेऊन खोलीत गोल फिरून बघा, एका दिशेला गुणगुण वाढते, दुसऱ्या दिशेला कमी होते. गिटार बिघडलेली नसते, तिचा स्वभावच तो.

गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोडगा काढला: दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडायच्या, म्हणजे गुणगुण एकमेकींना छेदते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. तो हंबकर. आवाज जाडसर, डिस्टॉर्शनला, म्हणजे रॉक-मेटलमधल्या फाटक्या, गडगडाटी आवाजाला, अनुकूल.

एचएसएस म्हणजे ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. मुलाची आवड अजून ठरलेली नसेल तर हीच जुळणी घ्या, तिच्यात सगळं थोडं थोडं आहे. फक्त मेटलच वाजवायचं ठरलेलं असेल तर दोन हंबकरवाली.

व्हॅमी बार हवाच, असा मुलाचा हट्ट आहे.

व्हॅमी बार म्हणजे ब्रिजला जोडलेला, सूर वरखाली डुलवायचा दांडा; त्या यंत्रणेला ट्रेमोलो म्हणतात. साधा स्ट्रॅट पद्धतीचा ट्रेमोलो असेल तर हरकत नाही. पहिले काही महिने तो दांडा काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवला की गिटार सुरातही जास्त टिकते.

फ्लॉइड रोज किंवा तत्सम, तारा नटपाशी कुलूपबंद करणारा तरंगता ब्रिज मात्र पहिल्या गिटारवर नको. त्यात सहा तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांचा समतोल असतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात. तारा बदलणं हा नवशिक्याला अख्ख्या दुपारचा उद्योग होऊन बसतो. आणि स्वस्तातल्या नकली फ्लॉइडचे धातूचे काठ लवकर झिजतात, मग तो सुरात परत येतच नाही. मुलाशी या एका मुद्द्यावर वाद घालायची माझी तयारी असते.

लाकूड कोणतं चांगलं?

या पातळीवर याचा विचार सोडून द्या. पॉपलर असो, बासवुड असो, आवाजात पडणारा फरक ॲम्पचा एक नॉब फिरवण्याइतकाही नसतो. ब्रायन मे यांनी १६ व्या वर्षी, १९६३ मध्ये, वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरली होती. क्वीन बँडमध्ये त्यांनी पुढे आयुष्यभर तीच वाजवली.

फिंगरबोर्डवर (नेकची बोटं टेकवायची पट्टी) रोझवुडऐवजी लॉरेल लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. २०१७ मध्ये रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्या लॉरेलसारख्या लाकडांकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त मालिकांमध्ये लॉरेल टिकून राहिलं. बोटाला फरक कळत नाही.

कोणत्या कंपनीची घ्यावी?

फेंडरची स्वस्त शाखा स्क्वायर, गिब्सनची एपिफोन. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतली ०१२ आणि त्याच्या वरची ११२. आयबानेझची जिओ मालिका, जॅक्सनची जेएस मालिका. कॉर्ट ही कोरियन कंपनी दुसऱ्या ब्रँडांसाठीही गिटारी बनवत आली आहे, तिच्या स्वतःच्या नावाच्या गिटारीही दिलेल्या पैशांना जागतात.

मला एकच नाव निवडायला सांगितलं तर मी बहुधा पॅसिफिका म्हणेन. एचएसएस जुळणी, साधा ब्रिज, नेटकी नेक. पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर त्यातली एक हाताला छान लागते आणि दुसरी नाही, असं या किमतीत सर्रास होतं. त्यामुळे नावापेक्षा समोर आलेला नग तपासायला शिका.

तो नग तपासायचा कसा? आम्हाला तर वाजवताच येत नाही.

वाजवता न येणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं जमतं. दहा-पंधरा मिनिटं काढा आणि दुकानदाराकडे बघू नका.

आधी नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात हळूच वरपासून खालपर्यंत फिरवा. करवतीसारखं काही टोचलं तर लाकूड सुकून आकसलंय आणि फ्रेटची टोकं बाहेर आली आहेत. टोकं घासून देता येतात, पण ते काम विकणाऱ्याने करून द्यायला हवं.

मग बॉडीच्या टोकाशी डोळा लावून नेकच्या कडेने सरळ रेषेत बघा. अगदी किंचित, पुढच्या बाजूला वाकलेली नेक चांगली. पिळवटलेली दिसली, म्हणजे जाड तारेच्या बाजूचा बाक एक आणि बारीक तारेच्या बाजूचा वेगळा, तर ती गिटार तिथेच ठेवून द्या. पिळलेली नेक सरळ करणं या किमतीत परवडत नाही.

गिटार सुरात लावून घ्या आणि प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पण हेच महत्त्वाचं. कुठे तार खरखरते, कुठे आवाज मुका होतो, शेजारच्या दोन फ्रेटांवर एकच सूर येतो का? असा एखादाच फ्रेट उंच असेल तर दुरुस्ती होते. पाच-सहा निघाले तर दुसरा नग मागा. वाजवता येणारं कोणी सोबत असेल तर त्याला सगळ्यात बारीक तार बाराव्या फ्रेटपाशी ओढून बघायला सांगा. ओढताना आवाज मध्येच गुदमरायला नको.

चौथ्या पायरीला बारावा फ्रेट. तिथे तार दाबून येणारा सूर, आणि तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणारा घंटेसारखा सूर, हे ट्युनरवर जुळले पाहिजेत. याला इंटोनेशन म्हणतात. थोडा फरक ब्रिजच्या स्क्रूने जातो.

शेवटी ॲम्पला जोडून सगळे नॉब पूर्ण फिरवा, स्विचच्या सगळ्या जागा तपासा, जॅकमधली केबल हलकीच हलवा. नवीन गिटारमध्ये खरखर नको. खुंट्या फिरवताना सैल किंवा अडखळत फिरणारी कोणती नाही ना, तेही बघा.

सेटअप, सेटअप म्हणतात ते नेमकं काय?

कारखान्यातून निघालेली गिटार जहाजाने, गोदामांतून, वेगवेगळ्या हवेतून प्रवास करून येते. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून ती तुमच्याकडे आली की एकदा बसवून घ्यावी लागते. नवी सायकल घेतल्यावर सीट आणि हँडल आपल्या उंचीला लावून घेतो, तसंच.

जाणकार कारागीर साधारण चार गोष्टी करतो. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती फिरवून नेकचा बाक ठरवतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली तर मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट राहायला हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. मग ब्रिजवरून तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. बाराव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड ई तारेखाली सुमारे २ मिमी आणि सगळ्यात बारीक ई तारेखाली सुमारे १.५ मिमी असेल तर नवशिक्यासाठी छान. मग इंटोनेशन. आणि चौथी गोष्ट नटच्या खाचा.

नटकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नवशिक्याचे सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. तपासायला सोपं आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती अधांतरी राहते ते बघा. केसाएवढी फट पुरे. सहज डोळ्यात भरणारी फट असेल तर खाचा उथळ आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला महिना झाला तरी एफ कॉर्ड धरता येईना. बोटाची पेरं पांढरी पडायची, तरी दोन तारा मुक्याच. तिच्या गिटारचा नट कानशीने घासून खाचा योग्य खोलीच्या केल्या आणि पुढच्या आठवड्यात तिने तीच कॉर्ड धरून दाखवली. बोटं तिची तीच होती.

ट्रस रॉड घरी फिरवायचीच असेल तर तारा सुरात असताना पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि जोर लावावा लागत असेल तर थांबा. नटला घरी हात लावू नका. जास्त घासला गेला तर नवा बसवावा लागतो.

ऑनलाइन मागवली तर?

परत करता येण्याची मुदत किती आहे ते आधी वाचा आणि आली त्याच दिवशी वरची सगळी तपासणी करा. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

सेकंड हँड घेणं शहाणपणाचं आहे का?

सोबत जाणकार असेल तर त्याहून शहाणपणाचं काही नाही. तितक्याच पैशात एक पायरी वरची गिटार मिळते. बॉडीवरचे ओरखडे, उडालेला रंग यांच्याकडे काणाडोळा करा आणि त्यावरून भाव पाडा.

बघायचं ते वेगळं. पहिल्या तीन-चार फ्रेटांवर तारांनी पाडलेल्या खाचा खोल आहेत का? फ्रेट नव्याने बसवायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीच्या जवळ जातो. डोकं आणि नेक जुळतात तिथे रंगाखाली बारीक तडा नाही ना? लेस पॉल आणि एसजीसारख्या, मागे कललेल्या डोक्याच्या गिटारी पडल्या की तिथेच मोडतात. आणि ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरते का, हे विकणाऱ्यासमोरच तपासा. अडकलेली असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

मुलगा डावखुरा आहे.

त्याच्या हातात काहीही न सांगता झाडू किंवा रॅकेट द्या आणि गिटार वाजवल्याचं नाटक करायला सांगा. जो हात तारा छेडायला जाईल, तो त्याचा ताल धरणारा हात. मनापासून डावा हात जात असेल तर डावखुऱ्यांची गिटार घ्या. तशा गिटारी कमी मॉडेलांत मिळतात, पुढे बदलताना, विकताना निवड तोकडी असते, हे माहीत असू द्या. दोन्ही चालत असेल तर उजवीच बरी. मार्क नॉफ्लर आणि गॅरी मूर हे नामवंत गिटारवादक डावखुरे असून उजव्या गिटारवरच वाजवायला शिकले. जिमी हेंड्रिक्स यांनी उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी करून तारा बदलून घेतल्या, पण तसं केलं की नॉब कोपराखाली येतात आणि वरच्या फ्रेटांपर्यंत हात सहज पोचत नाही. पहिल्या गिटारवर तो प्रयोग नको.

ॲम्प किती वॉटचा?

घरासाठी १० ते २५ वॉट भरपूर झाले. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. १० वॉटचा ॲम्प आणि १०० वॉटचा ॲम्प यांत कानाला सुमारे दुपटीचाच फरक लागतो. मोठा ॲम्प घरात एकवर ठेवून वाजवण्यापेक्षा लहान ॲम्प मध्यावर ठेवलेला चांगला.

वॉटपेक्षा मॉडेलिंगकडे लक्ष द्या. मॉडेलिंग ॲम्पमध्ये वेगवेगळ्या ॲम्पांचे आणि इफेक्टचे आवाज आतच असतात. फेंडरचा मस्टँग एलटी २५ किंवा बॉसची कटाना मालिका ही यातली माहितीतली नावं. मुलाने ऐकलेल्या गाण्यातला तो गडगडाट गिटारमधून येत नाही, ॲम्पमधून येतो. हे पालकांना आणि कधीकधी मुलांनाही ठाऊक नसतं. मध्यम गिटार चांगल्या ॲम्पवर बरी वाजते. उंची गिटार भिकार ॲम्पवर भिकारच वाजते.

हेडफोन जॅक आणि फोन जोडून गाण्याबरोबर वाजवायची सोय, या दोन गोष्टींशिवाय ॲम्प घेऊ नका. हेडफोनवर आवाज बेताचाच ठेवायला मात्र मुलाला बजावा. शेजाऱ्यांचं भांडण मिटतं, कान गेले तर परत येत नाहीत.

ॲम्प न घेता फोन किंवा कॉम्प्युटरवर भागेल का? घरी मोठे स्पीकर आहेत, त्यांना जोडली तर?

कॉम्प्युटर असेल तर लहान ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पची नक्कल करणारं) सॉफ्टवेअर यावर उत्तम भागतं. इंटरफेसला गिटारसाठीचं 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट हवं. तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंत वेळ लागतो असं जाणवलं तर सॉफ्टवेअरमधला बफर कमी करा. गिटारमध्येच खोचायचे, हेडफोनवर चालणारे चिमुकले ॲम्पही मिळतात, तेही ठीक.

मोठ्या स्पीकरना गिटार थेट जोडू नका. आवाज मिणमिणता येतो, आणि डिस्टॉर्शन पेडल लावलं तर डास कानाशी आल्यासारखा चिरका येतो. गिटार ॲम्पचा स्पीकर वरच्या पट्टीतला किरकिराट मुद्दामच गाळतो, घरचे स्पीकर गाळत नाहीत.

इफेक्ट पेडल?

आत्ता नको. मॉडेलिंग ॲम्पमध्ये आहेत तेवढे पुरेत.

सोबत आणखी काय घ्यावं लागेल?

क्लिप लावायचा ट्युनर. फोनवरचं ॲप चालतं, पण घरात टीव्ही चालू असताना ते गोंधळतं. क्लिप ट्युनर लाकडातला कंप ओळखतो, त्याला फरक पडत नाही. तीन मीटरची केबल. रुंद पट्टा. वेगवेगळ्या जाडीची चार-सहा पिकं (तारा छेडायच्या चकत्या), ०.६ ते ०.८ मिमीच्या आसपासची. ती हरवतात, तेव्हा मूठभर घेतली तरी वाया जाणार नाहीत. आणि स्टँड. गिटार पिशवीत बंद राहिली की सराव होत नाही, समोर उभी असली की येता-जाता होतो. फक्त ती खिडकीतल्या उन्हात किंवा एसीच्या झोतात नको.

तारा कोणत्या आणि कधी बदलायच्या?

९ ते ४२ चा संच. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच. २४.७५ इंच स्केलवर १० ते ४६ ही चालतात. रोज वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात. त्याआधीच तारा काळ्या पडल्या, बोटाला खरखरीत लागल्या किंवा सूर नीट लागेनासा झाला तर तेव्हाच. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसल्या तर जास्त टिकतात.

गिटार सारखी बेसूर होते. खराब निघाली का?

नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत उतरतातच. एकेक तार हाताने हलकेच ओढून पुन्हा सुरात लावा, असं तीन-चारदा केलं की स्थिरावते. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे हवेत, एकावर एक चढलेले नकोत. सुरात लावताना नेहमी खालून वर या. सूर चढला असेल तर आधी तार उतरवा आणि मग वर घ्या. खुंटी फिरवताना 'टिक' असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकते आहे. खाचेत पेन्सिलच्या शिशाची पूड घासली की ती सरकते. एवढं करूनही होत असेल तर कारागिराला दाखवा.

बोटं दुखतात. थांबावं का?

पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोकं हुळहुळणारच. मग घट्टे पडतात आणि विसरायला होतं. रोज १५-२० मिनिटं वाजवावं, रविवारी दोन तास नको. मनगट किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर मात्र ती गोष्ट वेगळी. थांबा, बसण्याची पद्धत आणि गिटारची ॲक्शन दोन्ही तपासा, आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.

तीन महिन्यांनी सोडून दिली तर पैसे पाण्यात?

ओळखीच्या ब्रँडची, पिळलेली नसलेली गिटार विकली जाते. अनोळखी ब्रँडची कोणी घेत नाही. स्वस्तातल्या स्वस्ताच्या मागे न लागण्याचं हेही एक कारण. आणि सोडण्याआधी एकदा ती सेटअप करून आणा, मग मुलाला विचारा.

पुढची, चांगली गिटार कधी घ्यायची?

'मला चांगली गिटार हवी' असं मूल म्हणालं तर अजून थांबा. 'ब्रिज पिकअपवर आवाज फार चिरका येतो' किंवा 'बावीस फ्रेट पुरत नाहीत' असं नेमकं म्हणालं तर वेळ झाली. त्यातही आधी ॲम्प बदलून बघा, किंवा आहे त्याच गिटारमध्ये पिकअप किंवा खुंट्या बदलून घ्या. नवी आलीच तर जुनी विकायची घाई करू नका. तिच्यावर जाड ई तार डी सुरापर्यंत उतरवून ठेवता येते, म्हणजे दर गाण्याला खुंट्या पिळत बसावं लागत नाही.